उणे १०७ डीबीएम म्हणजे रेंज किती? मोबाईल आणि वाय-फायचे आकडे वाचायचे कसे

केळीबाग_रावेर

राम राम मंडळी. रावेर तालुक्यातून लिहितोय. घर गावात, धाब्याचं, जाड मातीच्या भिंतींचं. आत फोन लागला तर लागला, नाहीतर बोलता बोलता तुटतो. पोराने सेटिंगमध्ये 'अबाउट फोन' उघडून सिम स्टेटसखालचा आकडा दाखवला. मधल्या खोलीत उणे १०७ डीबीएम, धाब्यावर चढलं की उणे ९४. ओसरीत वाय-फायचं अ‍ॅप उणे ५८ दाखवतं.

दुसरं काम मळ्यातलं. विहिरीवर कॅमेरा बसवायचाय, आमच्या शिवारात रात्री केबल आणि मोटारीचं सामान चोरीला जातंय. घरापासून विहीर सरळ रेषेत सहाशे मीटर, मध्ये केळी. घरात फायबरचं इंटरनेट आहे, ते विहिरीपर्यंत हवेतून नेता येईल का? तालुक्याला एका दुकानात विचारलं तर म्हणाले, मोबाईलचं बूस्टर लावा, दोन्ही प्रश्न सुटतील.

पैसे घालण्याआधी मला हे आकडे समजून घ्यायचेत. हे उणे कशासाठी? १०७ म्हणजे वाईट किती? आणि १३ चा फरक थोडा समजायचा की फार?

तापीकाठ

भाऊ, आधी आकडा आणि मग खरेदी, हा तुमचा क्रम बरोबर आहे. जमेल तेवढं सविस्तर लिहितो.

डेसिबल म्हणजे डीबी हे गुणोत्तर आहे. एक शक्ती दुसरीच्या किती पट, एवढंच ते सांगतं. टेलिफोनच्या लांब तारांमध्ये आवाज किती क्षीण होतो हे मोजायला अमेरिकेतल्या बेल कंपनीच्या इंजिनिअरांनी १९२० च्या दशकात ते आणलं, नाव ग्रॅहम बेल यांच्यावरून. डीबीएममध्ये ही तुलना कायम एक मिलिवॅटशी होते. शून्य डीबीएम म्हणजे बरोबर एक मिलिवॅट. त्यापेक्षा जास्त शक्ती असली की आकडा अधिक, कमी असली की उणे. तुमच्या फोनपर्यंत पोचणारी शक्ती मिलिवॅटच्या कितीतरी खाली असते, म्हणून आकडा नेहमी उणेच दिसतो. त्यात बिघाड काही नाही.

पाठ करायच्या दोनच गोष्टी. १० डीबी वाढले की शक्ती दहापट, ३ डीबी वाढले की दुप्पट. कमी झाले की त्याच हिशोबाने भागायचं. म्हणजे २० डीबीएम १०० मिलिवॅट, ३० डीबीएम एक वॅट. खालच्या बाजूला उणे ३० म्हणजे मिलिवॅटचा हजारावा भाग, उणे ६० म्हणजे दशलक्षावा, उणे ९० म्हणजे अब्जावा. एवढ्या शक्तीवरही फोन नीट चालतो, रेडिओची ही करामत मला आजही थक्क करते.

आता तुमचे १३ डीबी. १३ म्हणजे १० अधिक ३, म्हणजे दहापट आणि त्याच्या दुप्पट, एकूण वीसपट. फोन दोन्ही जागी त्याच टॉवरला, त्याच बँडवर (फ्रीक्वेन्सीच्या पट्ट्यावर) असेल, तर धाब्यावर मिळणाऱ्या शक्तीच्या वीस भागांतले एकोणीस भिंती आणि माळवद खातात, खोलीत एक भाग उरतो. तेव्हा १३ चा फरक फार मोठा.

सरळ वॅटमध्ये का लिहीत नाहीत? टॉवरच्या जवळ फोनला उणे ५० मिळतं, शिवाराच्या टोकाला उणे १२०. फरक ७० डीबीचा, म्हणजे एक कोटीपट. असे आकडे शून्यं मोजत लिहायचे तर प्रत्येक जण चुकेल. डीबीमध्ये गुणाकाराची बेरीज होते आणि भागाकाराची वजाबाकी. भिंतीचे इतके गेले, अंतराचे इतके गेले, अँटेनाने इतके दिले, कागदावर बेरीज-वजाबाकी केली की झालं. विहिरीचा हिशोब आपण असाच करू.

४जी साठी माझा ढोबळ अंदाज: उणे ८० च्या आसपास उत्तम, ९० पर्यंत चांगलं, १०० पर्यंत चालतं, ११० ला कुरकुर सुरू, १२० ला काठावर. तुमची मधली खोली कुरकुरीच्या दाराशी आहे. तुम्ही सांगताय ते त्याच्याशी जुळतं.

केळीबाग_रावेर

हे समजलं दादा. पण मग वाय-फाय उणे ५८ आणि मोबाईल उणे १०७, म्हणजे ४९ डीबी, जवळपास लाखपट फरक? तरी धाब्यावर मोबाईलचं नेट वाय-फायच्या तोडीचं चालतं.

यावल_इलेक्ट्रॉनिक्स

या प्रश्नाचं उत्तर मी देतो, इंजिनिअरिंगला हाच विषय आहे. हे दोन आकडे समोरासमोर ठेवता येत नाहीत, कारण दोन्ही वेगळ्या गोष्टी मोजतात. वाय-फायचा उणे ५८ हा पूर्ण चॅनेलवर आलेल्या शक्तीचा अंदाज असतो. ४जी फोन सिम स्टेटसमध्ये दाखवतो तो आकडा आरएसआरपी, म्हणजे चॅनेलच्या बारीक बारीक पट्ट्यांपैकी सरासरी एका पट्टीची शक्ती. २० मेगाहर्ट्झच्या ४जी चॅनेलमध्ये अशा १२०० पट्ट्या असतात. १२०० पट म्हणजे साधारण ३१ डीबी. टॉवर पूर्ण भाराने चालू असेल तर उणे १०७ ची पूर्ण चॅनेलवरची शक्ती उणे ७६ च्या घरात जाते. लाखपट वाटणारा फरक तिथे ६०-६५ पटींवर येतो.

त्याच पानावर 'एएसयू' नावाचा आकडाही दिसतो. ४जी मध्ये त्यातून १४० वजा केले की डीबीएम मिळतात. ३३ एएसयू म्हणजे उणे १०७.

आणखी एक. डीबी आणि डीबीएम मिसळू नका. उणे ९४ डीबीएम आणि उणे १०७ डीबीएम यांतला फरक १३ *डीबी*, '१३ डीबीएम' म्हटलं तर तो वीस मिलिवॅट होतो. तसंच उणे ९० चे दोन सिग्नल एकत्र आले तर उणे १८० होत नाहीत. शक्ती दुप्पट होते, म्हणजे उणे ८७. आमच्या वर्गातही यावर हमखास घोटाळा होतो.

साक्रीकर

राम राम भो! हाऊ धागा भलता कामना शे.

माझा प्रश्न उलटा आहे. डिसेंबरात सारंगखेड्याच्या यात्रेला गेलो होतो, घोडेबाजार बघायला. फोनवर सगळ्या काड्या भरलेल्या, आणि फोटो जाता जात नव्हता. सिग्नल एवढा भारी तर नेट का मेलं?

तापीकाठ

साक्रीकर भाऊ, या विषयाचं मर्म तुमच्या प्रश्नात आहे. काड्या सांगतात की टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत किती मोठा येतोय. त्या आवाजातलं बोलणं कळतंय का, आणि टॉवरला तुमच्यासाठी वेळ आहे का, हे काड्यांना ठाऊक नसतं. भर बाजारात शेजारी उभा माणूस ओरडून बोलला तरी चारी बाजूंच्या गलक्यात शब्द हरवतात, तसं होतं.

म्हणून सिग्नल आणि गोंगाट यांतलं अंतर बघायचं. ४जी मध्ये त्यासाठी एसआयएनआर हा आकडा आहे. तो २० डीबीच्या वर असेल तर मजा, १० ला ठीक, शून्याच्या खाली गेला की रखडपट्टी. आरएसआरपी उणे ७५ आणि एसआयएनआर २, यापेक्षा आरएसआरपी उणे १०० आणि एसआयएनआर १८ मी कधीही पसंत करीन. सोबत आरएसआरक्यू असतो, तो सिग्नलचा दर्जा सांगतो. तो उणे १० च्या आसपास बरा, उणे १५ च्या पलीकडे गेला की आजूबाजूला गर्दी आहे असं समजा. आरएसआरपी ज्या खुणेच्या सिग्नलवरून मोजतात तो टॉवर एकाच शक्तीने पाठवत राहतो, गर्दी असो वा नसो. त्यामुळे यात्रेत लाखो माणसं आली तरी काड्या उतरत नाहीत, उतरतो तो आरएसआरक्यू आणि प्रत्येकाच्या वाट्याला येणारा वेळ. हे सगळे आकडे दाखवणारी फुकट अ‍ॅप मिळतात. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केलं की फील्ड टेस्टचं पान उघडतं.

आणि काड्यांना कुठलंही सामाईक माप नाही. किती डीबीएमला किती काड्या हे फोन बनवणारा ठरवतो. दोन फोन शेजारी ठेवून काड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. डीबीएमच्या आकड्यातही दोन फोनांत पाच-सहा डीबी इकडे-तिकडे होतातच, म्हणून तुलना करायची तर फोन एकच धरा आणि जागा बदला.

अक्राणीची_बाई

मी धडगाव तालुक्यात एका पाड्यावरच्या शाळेत शिकवते. आमच्याकडे टेकडीवर एक ठरलेली जागा आहे, तिथे उभं राहिलं की मेसेज जातात. ऑनलाइन माहिती भरायची तर सगळे शिक्षक तिथे. खाली शाळेत आकडा उणे ११८ येतो. मेसेज कधीमधी येतो, पण आमचा फोन लागत नाही. आणि सकाळी पूर्ण चार्ज केलेला फोन दुपारपर्यंत संपतो. याचा संबंध आहे का?

तापीकाठ

बाई, पूर्ण संबंध आहे. फोन आणि टॉवर यांचं बोलणं दोन्ही बाजूंनी चालतं, पण दोघांची ताकद सारखी नाही. टॉवर प्रत्येक अँटेनातून वीस-चाळीस वॅट टाकू शकतो, ४० वॅट म्हणजे ४६ डीबीएम. तुमच्या ४जी फोनची कमाल मर्यादा २३ डीबीएम, म्हणजे २०० मिलिवॅट. टॉवरकडची अँटेना मोठी आणि तिचा कान तिखट असल्याने ही तफावत बरीचशी भरून निघते, पण काठावर आलं की तुमची बाजू आधी कोसळते. टॉवरचं तुम्हाला ऐकू येतं, तुमचं त्याला पोचत नाही. मेसेज आला पण फोन लागला नाही, त्याचं हे कारण.

टॉवर जवळ असेल तर फोन एक मिलिवॅटपेक्षाही कमी शक्तीत भागवतो. दूर गेला की शक्ती चढवत कमालीपर्यंत नेतो, सिग्नल तुटला की पुन्हा पुन्हा शोध घेतो. बॅटरी तिथे जाते. शाळेच्या वेळात फोन लागणारच नसेल तर विमान मोडवर ठेवा, टेकडीवर गेल्यावर उघडा. चार्ज टिकेल.

डोंगराचं म्हणाल तर सातपुड्याच्या घड्यांत सरळ रेषा मिळत नाही. सिग्नल कड्यावरून थोडा वाकून खाली उतरतो, आणि हे वाकणं कमी फ्रीक्वेन्सीला जास्त जमतं. ७००, ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झचा बँड दरीत जितका उतरतो तितका २३०० चा नाही, आणि ५जी चा ३३०० च्या वरचा तर मुळीच नाही. अ‍ॅपमध्ये बँड दिसतो. वेगवेगळ्या कंपन्यांची सिम घेऊन शाळेच्या आवारात कुठलं सिम कमी बँड पकडतं ते बघा. टॉवर नेमके कुठे आहेत ते दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' संकेतस्थळावर नकाशात दिसतात. कुठल्या कड्यामुळे आड येतंय ते त्यावरून कळतं. ग्रामसभेकडून टॉवरची मागणी करायची तर जागा आणि आकडे सोबत लिहा. 'रेंज नाही' या दोन शब्दांपेक्षा 'शाळेत उणे ११८, पाड्याच्या वरच्या अंगाला उणे ९९' याला जास्त वजन असतं. तुमच्या मुलांसाठी एवढी धडपड करताय, तर कागद पक्का असू द्या.

अक्राणीची_बाई

हे खूप कामाचं आहे. प्रत्येक पाड्यावरचा आकडा लिहून तक्ता करते.

केळीबाग_रावेर

आता माझ्या विहिरीकडे या. आणि बूस्टरचं काय करू?

तापीकाठ

बूस्टर घेऊ नका. परवान्याशिवाय ते विकणं, बाळगणं, वापरणं आपल्याकडे बेकायदा आहे, आणि त्याला चांगलं कारण आहे. बाजारातलं स्वस्त बूस्टर सिग्नलसोबत गोंगाटही वाढवतं आणि तो टॉवरच्या कानात ओततं. टॉवरला मग दूरच्या फोनांचं ऐकू येईनासं होतं. तुमच्या एका खोलीची सोय झाली तरी अख्ख्या गावाचे फोन तुटू लागतात. घरात फायबर आहेच, तर फोनच्या सेटिंगमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू करा. ओसरीत उणे ५८ आहे. मधल्या खोलीत वाय-फाय उणे ७० पेक्षा चांगलं राहिलं तरी बोलणं स्वच्छ होईल. माझ्या मते घराचा प्रश्न इथे संपला.

विहिरीसाठी दोन टोकांना दोन बाहेर लावायचे ५ गिगाहर्ट्झचे रेडिओ घ्या, दिशा धरणाऱ्या पॅनल अँटेनाचे. हिशोब असा. मोकळ्या हवेत नुकसान = ३२.४ + अंतराच्या (किलोमीटर) लॉगची वीसपट + फ्रीक्वेन्सीच्या (मेगाहर्ट्झ) लॉगची वीसपट. ०.६ किलोमीटर आणि ५८०० मेगाहर्ट्झ धरले तर साधारण १०३ डीबी. रेडिओ २० डीबीएम देतो, अँटेना प्रत्येकी १४ डीबीआय (शक्ती एका दिशेला एकवटून मिळणारी वाढ). २० + १४ - १०३ + १४ = उणे ५५ डीबीएम. वाय-फायच्या २० मेगाहर्ट्झ चॅनेलचा गोंगाट उणे ९५ च्या आसपास असतो. म्हणजे ४० डीबीची मोकळीक, एका कॅमेऱ्याला २० पुरे. पाठवणारी बाजू २० + १४ = ३४ डीबीएम होते. ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडे परवान्याशिवाय ३६ डीबीएम, म्हणजे ४ वॅटपर्यंत मुभा आहे. तुम्ही मर्यादेत आहात.

अंतर दुप्पट झालं तर फक्त ६ डीबी जातात. म्हणून मोकळ्या हवेतल्या अंतराची धास्ती घेऊ नका. धास्ती केळीची घ्या.

यावल_इलेक्ट्रॉनिक्स

दादांच्या हिशोबात मोकळी हवा गृहीत आहे. केळीचं पान म्हणजे पाण्याने भरलेला रुंद पडदा, आणि ५ गिगाहर्ट्झला ओली पानं फार खातात. बागेतून आरपार जाणारी लिंक विसरा. नुसतं डोळ्याला दिसणंही पुरत नाही, सरळ रेषेच्या भोवती मधोमध जाड होत जाणारा पट्टा मोकळा लागतो. त्याला फ्रेनेल झोन म्हणतात. सहाशे मीटर आणि ५.८ गिगाहर्ट्झला मध्यावर त्याची त्रिज्या पावणेतीन मीटरच्या आसपास येते, त्यातला ६० टक्के भाग तरी मोकळा हवा. म्हणजे पानांच्या टोकांवर किमान १.७ मीटर.

वरची पानं धरून केळी बारा फूट उंच धरली तरी रेषा अठरा फुटांच्या खाली जायला नको. विहिरीवर वीस-बावीस फुटी खांब लावा, घराकडे धाब्यावर.

आणि एक सांगतो, आमच्याकडे हे झालेलं पाहिलंय. मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली केळी) लावली तेव्हा जुलैत रोपं गुडघ्याएवढी, लिंक झकास. हिवाळ्यात बाग वर आली आणि कॅमेरा अडखळायला लागला. लोक रेडिओला दोष देतात. तुमच्याकडे मृगबाग आणि कांदेबाग (पावसाळ्यानंतर लावलेली केळी) दोन्ही असतील तर जी बाग जास्त उंच जाईल तिच्या पूर्ण वाढीचा हिशोब धरा.

साक्रीकर

कॅमेरा नको, नुसती मोटार चालू-बंद करायची असेल तर एवढा खटाटोप लागतो का? माझी विहीर दीड किलोमीटरवर आहे.

यावल_इलेक्ट्रॉनिक्स

नाही लागत. चालू-बंदचा निरोप दोन-चार अक्षरांचा. त्यासाठी लोरा बघा, म्हणजे छोटा निरोप कमी वेगाने लांब नेणारं रेडिओ तंत्र. आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा त्यासाठी परवान्याविना वापरता येतो. वेग अगदी कमी ठेवला की त्याचा रिसीव्हर उणे १३५ डीबीएमच्या आसपासचा सिग्नलही वाचतो, म्हणजे गोंगाटाच्याही खालचा. कमी फ्रीक्वेन्सी असल्याने पिकातूनही बरंच निभावतं. कॅमेऱ्याचं चित्र मात्र त्यावरून जाणार नाही.

केळीबाग_रावेर

मंडळी, काम झालं. धाब्यावर लोखंडी पाइप उभा केला, विहिरीवर बावीस फुटी खांब. मधल्या खोलीत वाय-फाय कॉलिंग चालू केलं, आई आता आत बसून माझ्या बहिणीशी बोलते. लिंक उणे ६४ दाखवते, चित्र येतंय. हिशोबात उणे ५५ होते. नऊ डीबी कुठे गेले?

तापीकाठ

नऊ डीबी म्हणजे आठपट. चित्र येत असलं तरी सोडू नका. दोन-तीन डीबी कमी येणं साहजिक आहे, नऊ नाही. बहुतेक अँटेनाची दिशा चुकली आहे. पॅनल अँटेनाच्या मुख्य झोताच्या दोन्ही अंगाला लहान झोत असतात. वळवताना आकडा वाढला आणि मग पडला की माणूस तिथेच बोल्ट आवळतो, आणि तो नेमका बाजूचा झोत निघतो. एका टोकाचा रेडिओ स्थिर ठेवा, दुसरा डावीकडून उजवीकडे पूर्ण फिरवा. मधला सर्वांत मोठा शिखर-आकडा सापडेपर्यंत थांबू नका. मग वर-खाली तसंच. मग दुसऱ्या टोकाला हेच. प्रत्येक हालचालीनंतर काही सेकंद थांबा, आकडा उशिरा बदलतो.

केळीबाग_रावेर

विहिरीवरचा रेडिओ बाजूच्या झोतावरच होता. आता उणे ५७.

तापीकाठ

उत्तम. हा आकडा आजच्या तारखेसह विहिरीच्या पेटीच्या झाकणावर आतून लिहून ठेवा. खांबाला तीन बाजूंनी ताण द्या. मे-जूनच्या वावधानात केळी आडवी होते, खांबही फिरतो. तेव्हा आकडा उणे ६५ दिसला तर दिशा तपासा. वारा झालेला नसताना महिन्या-महिन्याला एक-दोन डीबी उतरत असेल तर बाग रेषेत आली आहे, खांब वाढवा. आणि पावसाळ्यात एका दिवसात धाडकन पडला तर आधी केबलच्या जोडात पाणी शिरलंय का ते बघा.